प्रभामावशींची कोरडी गाडी

पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे नंतर शिव्या नकोत. व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही मनातल्या मनात फोटोला हार घालून ठेवता. माणूस गेलेला असणार, शेवटी डोळे पुसायला लागणार, हे ठरलेलंच. तर प्रभामावशी जिवंत आहेत. ठणठणीत आहेत. लेकीकडे नाशिकला राहायला गेल्यात, आणि हे वाचून त्या मला फोन करणार आहेत, त्याचं मला आत्तापासून टेन्शन आलंय.

दुसरं. ही एका जुन्या पिकप टेम्पोची गोष्ट आहे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादा मिशीवाला उभा राहिला असेल. मळका बनियन, कानावर पेन्सिल, गालात मावा. काढा त्याला. त्याच्या जागी सुती साडी नेसलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली, अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेली, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली एक बाई बसवा. बसली? आता तिला उचलून पिकपच्या टपावर बसवा.

मी पहिल्यांदा बघितलं ते असंच. मुरबाडहून डोंबिवलीत नोकरीला आलेलो, एका लॅबमध्ये रिपोर्ट छापायचं काम. भाड्याची खोली घेतलेली, बॅग खांद्यावर टाकून सोसायटीच्या गेटातून आत शिरलो, तर पार्किंगमध्ये सगळ्या गोऱ्यागोमट्या गाड्यांच्या रांगेत एक निळी, म्हातारी पिकप, आणि तिच्या टपावर मांडी घालून एक साठीची बाई गाडीला तेल चोळतेय. तेलच. बाटलीतून हातावर घेऊन, बोटांनी, निवांत. माझा आ वासलेला.

"हॅलो, बोला," वरून आवाज आला.

"काही नाही," मी म्हटलं. पण माझं तोंड मला विचारून कधी उघडतच नाही. "वेणी कधी घालणार तेवढं विचारत होतो."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ग्लिसरीन आहे हे. काचेचं रबर सुकलं की चिरतं, चिरलं की पाणी आत. आधी गळती, मग नटणं. वेणीचं पुढच्या वर्षी बघू. ठेवते."

आणि मान वळवून पुन्हा चोळायला लागल्या. मी खाली उभाच. 'ठेवते' म्हणजे काय ठेवते?

ते नंतर कळलं. मावशींचं सगळं बोलणंच फोनवरचं होतं. माणूस नाकासमोर उभा असला तरी 'हॅलो, बोला'ने सुरुवात आणि 'ठेवते' म्हणून शेवट. 'ठेवते' म्हटल्यावर तुम्ही कितीही बोला, पलीकडे कोणी नसायचं. सोसायटीतल्या प्रत्येकाला त्या आवाजावरून ओळखायच्या, आवाजावरून म्हणजे खोकल्यावरूनसुद्धा. मोबाइल वाजला की स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता कानाला. "नाव कशाला वाचायचं? माणूस बोलतोच की."

माझा धंदा नकला करण्याचा. म्हणजे पोटाचा नाही, जिभेचा. शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात मी आख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेली आहे. त्यामुळे मावशींचा आवाज मी आठवड्याच्या आत उचलला आणि लिफ्टपाशी वॉचमनला करून दाखवत होतो, "हॅलो, बोला... ठेवते." वॉचमन हसायचा थांबला. मागे मावशी.

मी मेलो. वाटलं आता खोली सोडायला लागणार.

"आवाज जमलाय," त्या म्हणाल्या. "पण मी 'बोला' म्हणताना खाली उतरते, तू वर चढतोस. परत म्हण."

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, आणखी एकदा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे पास केलं. मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी मोकळा आहेस ना? गाडीला पाणी मारायचंय." विचारलं नाही हां. सांगितलं.

आता गाडीबद्दल. बाहेरून ती बघवत नव्हती. दारांखालची काळी पट्टी अर्धी सुटून लोंबायची, बंपरचा कोपरा तारेने बांधलेला, आरशाचं कव्हर उन्हाने पिकून राखाडी झालेलं. पण मागे पत्र्याचं एक बंद खोकं होतं, मावशींनी स्वतः उभं राहून बनवून घेतलेलं, आणि त्या खोक्यावर त्यांचा जीव. कारण वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, त्या पेणहून शाडूच्या मूर्ती आणायच्या. डोंबिवली, कल्याण, ठाणे, ठरलेली घरं. शाडूची मूर्ती म्हणजे कच्ची माती, पाणी लागलं की विरघळते. म्हणूनच तर लोक घेतात. "पण विसर्जन घरी पोचायच्या आधी व्हायला नको," मावशी म्हणायच्या. आणि दर वर्षी गणपती आणायचे ते नेमके धो धो पावसाच्या दिवसांत.

त्यामुळे ती परीक्षा. असली परीक्षा मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. रविवारी गेलो तर मावशी खोक्याच्या आत, फरशीवर कच्चे उडदाचे पापड मांडतायत. ओळीने, एकाला एक खेटून, सतरंजी अंथरल्यासारखे.

"मावशी, जेवायला कोण येणारे?"

"पाणी," त्या म्हणाल्या. "कागद घातला तर एखादा थेंब पडतो, वाळतो, कागद विसरून जातो. पापड विसरत नाही. वाकडाच होतो."

मग त्या पापडांच्या मधोमध चौरंगावर बसल्या, आतून दार ओढून घेतलं, आणि बाहेर मी पाइप घेऊन. आतून पत्र्यावर टकटक. "हॅलो. खालून सुरू करा. खालून! वरून मारलंत तर सगळंच एकदम गळेल, कोण कुठून ते कळणार नाही. हां. आता हळूहळू वर. होल्ड करा. होल्ड!" त्या अंधारात टॉर्च घेऊन वर बघत बसायच्या. एखादा पापड मऊ पडला की लगेच तिथे सीलंट लावायच्या नाहीत. "पाणी पडतं तिथून येत नाही रे. येतं कुठून तरी लांबून, पत्र्याला धरून चालत चालत, आणि पडतं भलतीकडे. पडलेल्या जागेला बोळा लावून काय उपयोग?" मग बोटाने पत्र्याची शिवण चाचपत मागे मागे जायच्या, आणि पार त्या टोकाला, आपल्या स्वप्नातही येणार नाही अशा ठिकाणी, एक सुटलेला रिबिट निघायचा.

एकदा सेक्रेटरी आले तणतणत. "मावशी, इथे प्यायला टँकर मागवतोय आणि तुम्ही गाडीला अभिषेक करताय?"

खोक्याच्या आतून आवाज, "हॅलो, बोला."

सेक्रेटरी बिचारे दचकले. कोण बोलतंय तेच दिसेना. मी ड्रमकडे बोट दाखवलं. मावशी धुण्याचं शेवटचं पाणी साठवून ठेवायच्या, गाडी त्याच पाण्याने तपासायची.

"साबणाचं पाणी आहे हो," आतून खुलासा आला. "ते साध्या पाण्यापेक्षा बारीक भोकातून शिरतं. सोसायटीच्या टाकीला लावून बघायचंय का? ठेवते."

सेक्रेटरी गेले. परीक्षा झाली की कुरकुरीत राहिलेले पापड भाजायचे आणि पार्किंगमध्ये जो असेल त्याला वाटायचे. सेक्रेटरींच्या घरी पण गेले, दोन जास्तच.

एकच गळती त्यांनी कधी काढली नाही. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी यायचं ते बरोबर ड्रायव्हरशेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर. मी तक्रार केली, तर म्हणाल्या, "तिथे मूर्ती बसत नाही. तू बसतोस."

आणि दुसरा त्यांचा नियम. घरी मूर्ती दिली की निघून यायचं नाही. मूर्तीच्या तोंडावर रुमाल असतो, तो दारात ओवाळून झाल्यावर घरच्यांनीच काढायचा. मावशी तो रुमाल कधी वर करून बघायच्या नाहीत, पण तो काढेपर्यंत उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. काढला, सगळे 'मोरया' म्हणाले, की "कोरडी पोचली. ठेवते."

मग एका वर्षी काय झालं, की ऑर्डरसाठी आम्ही घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये गेलेलो. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "ओ मौसी, भंगारवाली गाडी पीछे के गेट से." बस, एवढंच. वाईट बोलला असंही नाही. त्याच्यासाठी ते रोजचं वाक्य. पण मावशी मागच्या गेटने गेल्या, ऑर्डर न घेताच परत आल्या. डोंबिवलीत पोचल्यावर खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारली.

"प्रकाश, खरंच अशी दिसते का रे?"

सगळी दुनिया मला पक्या म्हणते, मावशी प्रकाश. मी काय बोलणार? नकला कर म्हटलं असतं तर केल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी कल्याणहून पट्ट्या आल्या. चकचकीत, स्टीलसारख्या. जुनी लोंबणारी पट्टी मावशींनी गजऱ्याच्या जाड दोऱ्याने काढली. दोरा पट्टीच्या मागे घालून दोन्ही हातांनी करवतीसारखा ओढायचा, गोंद कापत जातो, रंगाला ओरखडा नाही. नवीन आरसा, नवीन बंपर. गाडी दर दिवशी तरुण होत चाललेली, आणि मावशी पण. शेवटची पट्टी खोक्याच्या वरच्या कडेला. ती नुसती चिकटेना, म्हणून मावशींनी ड्रिल घेतलं आणि घर्र घर्र करत स्क्रू मारले.

"पुन्हा पापड घालायचे का?" मी विचारलं. खरं तर मला भूक लागलेली.

"अरे, परवाच तर पास झालीये. आणि पट्टी वरून झाकतेच आहे की."

चमकत होती हो गाडी. संध्याकाळच्या उन्हात तर बघवेना. सेक्रेटरींनी फोटो काढला.

आता कोपरीच्या आजी. ठाण्याला स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत, जुन्या गल्लीत आगरी घर. दर वर्षी त्यांचा गणपती मावशींच्याच गाडीतून. आदल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर आजोबा वारले, घरात सुतक, मूर्ती आणलीच नाही. म्हणजे आजोबांनंतर हा पहिला गणपती. आजींनी मावशींना फोनवर बजावलेलं, "प्रभा, यांना आवडायचा तसाच आण गो, सिंहासनावर बसलेला. एक वरीस घर गपगार हाय." मावशींनी शब्द दिलेला. मूर्तिकार पाटीलकाकांना पेणला जाऊन स्वतः सांगून आलेल्या.

हे पाटीलकाका म्हणजे माझ्या खजिन्यातला हिरा. दर दोन शब्दांनी 'बरं बरं'. "गणपती बरं बरं तयार हाय, बरं बरं, रंग सुकू द्या." परतीच्या वाटेवर मी त्यांचा आवाज सुरू केला की मावशी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायच्या, सिग्नलला थांबल्यावर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती भरल्या. आजींची मूर्ती मावशींनी मागच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली. तिथला पापड आजपर्यंत कधी वाकला नव्हता. ती खोक्यातली सगळ्यात भरवशाची जागा. पेण सोडलं आणि पाऊस असा लागला की पुढची गाडी दिसेना. माझा गुडघा चिंब. पण मागची चिंता नव्हती. मागे कोरडं, हे गृहीतच धरलेलं.

डोंबिवलीतल्या मूर्ती उतरवल्या. सगळ्या ठीक. मावशी प्रत्येक दारात म्हणतायत, "कोरडी पोचली." शेवटचं घर कोपरी, दुपार कलायला लागलेली. गल्लीत गाडी जात नाही, म्हणून कोपऱ्यावरून आजींचा मुलगा नरेशदादा डोक्यावर पाट घेऊन, वर छत्री. रुमाल ओला होता. पावसात ओलाच असणार, कोणाला काय वाटणार?

दारात सगळं घर. आजींनी भाकर-तुकडा ओवाळला, मूर्ती आणणाऱ्या नरेशदादाच्या पायावर दूध-पाणी घातलं, हात जोडले, आणि रुमाल धरून वर उचलला.

रुमालाबरोबर सोंड आली.

मी खोटं सांगत नाही. रुमालाला चिकटून, ओल्या मातीचा गोळा होऊन, सोंड वर आली, आणि खाली गणपतीच्या चेहऱ्यावर एक खड्डा. मुकुटाचा सोनेरी रंग गालांवरून ओघळलेला. 'मोरया' म्हणायला उघडलेली सगळी तोंडं तशीच उघडी. घरात एक पोरगी झांजा घेऊन उभी होती, तिच्या हातातल्या झांजा वर, हवेत. आजी रुमालाकडे बघतायत, रुमालातल्या मातीकडे बघतायत.

"अगो प्रभा," आजी एकदम हळू म्हणाल्या, "ये काय झायला?"

मग नरेशदादा फुटला. "मावशी, बाबांच्या मागनं पहिला गणपती आमचा! पहिला! आता उद्या सकाळी काय बसवू? हा बसवू? आता आख्ख्या ठाण्यात शाडूची मूर्ती मिळेल का?"

मावशींचं तोंड मी त्या आधी आणि त्या नंतर तसं कधी बघितलं नाही. पांढरं. ओठ हलतायत, आवाज नाही. ऑपरेटर बाई, आणि लाइन डेड.

मला ते बघवेना. मी गपचूप मागे सरकलो, गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या आडोशाला गेलो, आणि मावशींना फोन लावला. माझं नाव त्यांच्या स्क्रीनवर येईल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि त्या कुठे बघतात म्हणा. फोन उचलला. "हॅलो, बोला," आवाज कापत होता.

"पाटील बोलतोय बरं बरं," मी म्हटलं, पाटीलकाकांच्या आवाजात, अगदी जीव ओतून. "स्पीकर लावा ताई. सगळ्यांना ऐकू द्या. ती कोपरीची मूर्ती, बरं बरं, माझ्याच हातनं घाई झाली. सोंड कच्ची राहिली. माती नीट वाळली नव्हती. तुमची गाडी कोरडीच हाय, बरं बरं, चूक माझी हाय."

फोनमधून मला सगळं ऐकू येत होतं. फोन स्पीकरवर. घरात कुजबुज. नरेशदादाचा आवाज खाली आला, "म्हणजे त्या पाटलाचीच..." मी हवेत मूठ मारली. वाचवलं!

मग मावशींचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, पहिल्यासारखा.

"हे पाटील नाहीत. हा आमचा प्रकाश आहे. गल्लीच्या तोंडाशी, गाडीमागे उभा असेल, आणा त्याला आत."

मला वाटलं जमीन फाटावी. नरेशदादाचा भाचा येऊन मला बखोटीला धरून घेऊन गेला. सगळं घर माझ्याकडे बघतंय, आणि मावशी आजींसमोर उभ्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "गाडी छान दिसावी म्हणून मी वरच्या कडेला स्क्रू मारले. आणि मारल्यावर पाणी मारून बघितलं नाही. पाटलांची मूर्ती चांगलीच होती. माझी गाडी गळली."

आजींनी रुमालातली माती बोटाने दाबून बघितली, जशी भाकरीच्या पिठाला बघतात तशी.

"उद्या सकाली भटजी येनार," त्या म्हणाल्या. "तवर ही मातीच हाय ना गो? देव आजून आला नाय."

"अजून नाही," मावशी म्हणाल्या.

"मग रडतेस कशाला? बस खाली."

मावशी रडत होत्या हे मला तेव्हा कळलं. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला, आजींच्या हातात दिला. केस सुटून पाठीवर. आजींनी आकड्याभोवती ती माती लिंपायला सुरुवात केली. आयुष्यभर भाकऱ्या थापलेले हात, पण बोटं अशी हलत होती की सगळं घर खाली वाकून बघायला लागलं. "डाव्या बाजूला आई, डाव्या!" नरेशदादा ओरडला. "माना माहीत हाय, तू गप." मावशी ओल्या फडक्याने गालावरचा ओघळ टिपत होत्या, एवढंच. सोंड झाली. जरा जाड, जरा आखूड, न रंगवलेली, मातीच्याच रंगाची. आजी मागे सरकून बघत राहिल्या.

"यांचं नाक असंच होतं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. झांजवाल्या पोरीने झांजा वाजवल्या.

निघताना आजींनी मावशींच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "पुढल्या वर्षी पन तूच आन. पन ती चकचकीत पट्टी काढून टाक गो, बाजारात निघाल्यासारखी दिसते गाडी."

गाडीत येऊन बसलो. पाऊस चालूच, काचेच्या कोपऱ्यातून पाणी माझ्या गुडघ्यावर. मावशींनी चावी फिरवली नाही. केस तसेच मोकळे. मला वाटलं आता म्हणतील, प्रकाश, माझ्यासाठी केलंस रे. मी नम्र चेहरा करून तयार होतो.

"लाज वाटली का तुला?"

"मावशी, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी? पेणला तो माणूस आत्ता जेवत असेल. त्याला काही माहीत नाही. आणि इकडे कोपरीत आठ घरांत झालं असतं की पाटलाची माती कच्ची असते. पुढच्या वर्षी ऑर्डर कमी आल्या असत्या, तो विचार करत बसला असता, कुठून गळतंय, कुठून गळतंय, आणि आयुष्यभर त्याला सापडलं नसतं. माझी गळती बंद करायला दुसऱ्याच्या नावाला भोक पाडतोस?"

मी मान खाली घातली. गुडघ्यावर टप, टप.

"उद्या सकाळी पेणला फोन लावून त्यांना सगळं सांगायचं. तुझ्या स्वतःच्या आवाजात. आहे ना एखादा स्वतःचा?"

"हो मावशी."

त्यांनी चावी फिरवली, गिअर टाकला, वायपर सुरू केले, आणि मग पुन्हा थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, झालं, संपलं.

"आणि पाटलांचं 'बरं बरं' नाकातून येतं. तू घशातून काढलंस. इतक्या वेळा ऐकूनही! ठेवते."